ऑइल गेज, प्रमाण आणि प्रमाद

न दिसणाऱ्या गोष्टीविषयी माणसाला खात्री कशाने येते, आणि ती खात्री करून घेणे हे त्याचे कर्तव्य केव्हा ठरते, हे दोन प्रश्न भारतीय दर्शनपरंपरेत सहसा वेगवेगळे चर्चिले गेले. पहिला प्रश्न प्रमाणशास्त्राचा, म्हणजे ज्ञान खरे की खोटे हे कोणत्या साधनांनी ठरवावे याच्या विचाराचा, तर दुसरा आचारधर्माचा. व्यवहारात मात्र हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी एकाच माणसापुढे उभे राहतात, आणि मोटारीच्या इंजिनातील ऑइल हे त्याचे अगदी लख्ख उदाहरण आहे. हे ऑइल चालकाला चालवताना कधीच दिसत नाही, ते कमी झाल्याचे गाडीच्या चालीवरून बराच काळ कळत नाही, आणि कळते तेव्हा बहुधा वेळ निघून गेलेली असते. शिवाय त्या अज्ञानाची किंमत एकट्या चालकाला नव्हे, तर त्याच्यामागे बसलेल्या सर्वांना मोजावी लागते.

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न पुस्तकात राहत नाही. मंठ्याहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरून सेलूला जायचे तर येथे वळावे लागते, आणि त्यामुळे प्रवासी जीप, कापसाने नाहीतर उसाने भरलेले ट्रॅक्टर, वऱ्हाडाच्या गाड्या आणि दवाखान्याला निघालेली कुटुंबे यांची येथे सतत ये-जा असते. वैशाख-ज्येष्ठात परभणीचा पारा चाळिशी ओलांडून वर जातो, त्या उन्हात दिवसभर धावणाऱ्या इंजिनाला विसावा नसतो. यांपैकी बहुतेक गाड्यांच्या काचेमागे देवाची मूर्ती किंवा तसबीर असते, पुढे लिंबू-मिरची लोंबत असते, आणि दसऱ्याला झेंडूचा हार चढतो. या श्रद्धेचा आणि बोनेट उघडून ऑइल पाहण्याचा काही संबंध आहे का? काहींच्या मते दोन्ही गोष्टी निरनिराळ्या आहेत. काही जण पहिलीवर भिस्त ठेवून दुसरी सोडून देतात. आणि दुसरी केली की पहिली निरर्थक ठरते, असे मानणाराही एक वर्ग आहे. ही तिन्ही मते अपुरी आहेत. याच भूभागात रुजलेल्या धर्मविचाराकडे नीट पाहिले तर पडताळणी हे श्रद्धेचेच एक अंग असल्याचे दिसते, आणि पडताळणी टाळणाऱ्या निश्चिंतीला त्या विचाराने श्रद्धा हे नाव कधीच दिलेले नाही.

आधी वस्तुस्थिती पाहिली पाहिजे. इंजिनाचा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीचे फिरण्यात रूपांतर करणारा दांडा, ज्या बेअरिंगांत फिरतो, त्यांना तो इंजिन चालू असताना जवळजवळ स्पर्श करत नाही. दोहोंच्या मध्ये ऑइलचा, केसाहूनही कितीतरी पातळ असा थर असतो आणि सारा भार त्या थरावर तोललेला असतो. फिरणारा दांडा स्वतःच ऑइलला निमुळत्या फटीत ओढून घेतो व त्यातून दाब निर्माण होतो, हे बोशां टॉवर यांच्या १८८३ सालच्या प्रयोगांतून दिसले आणि ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचे गणित मांडले. याच ऑइलने पिस्टनची उष्णता वाहून नेली जाते, काजळी व धातूचा कीस फिल्टरपर्यंत पोहोचतो, आणि पिस्टन व सिलिंडर यांच्यातील बारीक फट भरून निघते. इंजिनाच्या तळाशी असलेल्या ज्या भांड्यात हे ऑइल साठते, त्याला मिस्त्री लोक ‘चेंबर’ म्हणतात. चेंबरमधील पातळी फार खाली गेली की पंप ऑइलऐवजी हवा ओढतो, थर तुटतो, धातूवर धातू घासतो, आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होते. धावत्या गाडीचे इंजिन असे अचानक बसणे म्हणजे केवळ खर्चाची बाब नव्हे. भरलेली गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडणे, पॉवर स्टिअरिंग व ब्रेक एकाएकी जड होणे आणि मागून वाहन येणे या गोष्टी एकमेकींना फार जवळ आहेत.

ही पातळी पाहण्याचे साधन अत्यंत साधे आहे. धातूची एक लांब पट्टी, जिला गॅरेजात ऑइल गेज म्हणतात, एका नळीतून चेंबरमध्ये उतरलेली असते आणि तिच्या टोकाशी किमान व कमाल अशा दोन खुणा असतात. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, गेज बाहेर काढून स्वच्छ फडक्याने पुसावा, पुन्हा नळीत पूर्ण बसेपर्यंत घालावा, मग काढून पाहावा आणि ऑइलची ओली कड कोणत्या खुणेपर्यंत आली आहे हे वाचावे, अशी ही रीत आहे. ही रीत जाणणारा मिस्त्री प्रमाणशास्त्राचा एक अवघड धडा रोज हाताने गिरवत असतो.

न्यायदर्शनाने, म्हणजे गौतमांच्या न्यायसूत्रांपासून निघालेल्या तर्कपरंपरेने, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. महाराष्ट्रातील पाठशाळांत व पुढे महाविद्यालयांत हे शास्त्र शिकवले गेले ते मुख्यतः अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या सतराव्या शतकातील छोट्या ग्रंथावरून. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांनी सिद्ध केलेली त्याची आवृत्ती १८९७ मध्ये मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत निघाली आणि अभ्यासकांच्या अनेक पिढ्यांनी ती वापरली. या शास्त्राच्या दृष्टीने गेज पाहणे हे प्रत्यक्ष ज्ञान नव्हे. डोळ्यांना दिसते ती पट्टीवरची ओल. चेंबरमधील ऑइल दिसत नाही. ओलीच्या उंचीवरून पातळी ठरवली जाते, म्हणजे हे अनुमानच आहे, आणि अनुमान व्याप्तीवर उभे असते. व्याप्ती म्हणजे हेतू व साध्य यांचे अव्यभिचारी साहचर्य. जेथे जेथे खूण असेल तेथे तेथे ती जिची खूण आहे ती वस्तू असलीच पाहिजे, हा नियम. या नियमात गुपचूप शिरून तो बिघडवणाऱ्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. गाडी उतारावर उभी असेल तर ऑइल एका बाजूला सरकते आणि ओलीची उंची खोटे बोलते. इंजिन नुकतेच बंद केले असेल तर बरेचसे ऑइल अजून वरच्या भागातून ठिबकत असते. गेज अर्धवट बसला असेल तर खुणांना अर्थ राहत नाही. सपाट जागा, थांबणे आणि गेज पूर्ण बसवणे ही तीन पथ्ये म्हणजे तीन उपाधी एकेक करून बाजूला सारणे होय. पहिल्यांदा काढलेल्या गेजवर उसळून लागलेले ऑइल असते, म्हणून ती पहिली खूण पुसून टाकावी लागते. पुसण्याची ही कृती इतकी लहान आहे की घाईत ती सहज वगळली जाते, पण ज्ञानाच्या साधनातील दोष आधी काढायचा आणि मगच त्या साधनाला प्रश्न विचारायचा, हे तत्त्व त्या फडक्याइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसेल.

याच्या उलट, चालकांच्या मनात घर करून बसलेले एक अनुमान तपासले म्हणजे हेत्वाभास, म्हणजे वरवर हेतू वाटणारे पण सदोष कारण, कशाला म्हणतात हे ध्यानात येते. डॅशबोर्डवरील ऑइलच्या चंबूचे लाल चिन्ह पेटलेले नाही, म्हणून ऑइल पुरेसे आहे, असे ते अनुमान. हा दिवा बहुतेक गाड्यांत ऑइलचा दाब दाखवतो, पातळी नव्हे. पंपाचे तोंड बुडेल एवढे ऑइल असेपर्यंत दाब टिकतो आणि दिवा विझलेला राहतो, मग गेजवरची किमान खूण केव्हाच मागे पडलेली का असेना. एखाद्या वळणावर किंवा चढावर ऑइल सरकले की दिवा क्षणभर लुकलुकतो, आणि तो पूर्ण पेटतो तेव्हा थर तुटण्याची वेळ आलेली असते. काही नव्या गाड्यांत पातळी मोजणारा वेगळा सेन्सर असतो, परंतु तो आहे की नाही हे त्या गाडीच्या पुस्तिकेवरूनच ठरवावे लागते. विझलेला दिवा हा हेतू ऑइल पुरेसे असतानाही सापडतो आणि नसतानाही सापडतो. अशा दोन्हीकडे आढळणाऱ्या हेतूला न्यायशास्त्र ‘सव्यभिचार’ म्हणते व पाच हेत्वाभासांत त्याला पहिले स्थान देते. दिवा पेटला तर गाडी तत्काळ बाजूला घेऊन इंजिन बंद करणे योग्यच आहे, पण दिवा पेटला नाही यावरून काहीच निष्पन्न होत नाही.

धूर आणि अग्नी हे तर न्यायशास्त्राचे जुनेच उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमान बरोबर. मात्र अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असे उलटे म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळत आहे, किंवा मिस्त्रींच्या भाषेत गाडी ‘ऑइल खात आहे’, हे अनुमान बऱ्याच अंशी टिकते. धूर नाही म्हणून ऑइल घटत नसणार, हे मात्र टिकत नाही, कारण चेंबरच्या नटातून किंवा एखाद्या सीलमधून ते गुपचूप गळत असू शकते. रंगाचेही तसेच. डिझेल गाडीचे ऑइल बदलल्यावर अल्पावधीतच काजळीने काळे होते, म्हणून काळेपणा हा ऑइल खराब झाल्याचा पुरावा ठरत नाही. परंतु गेजवर दुधाळ, कॉफीसारखा रंग दिसला तर कूलंटचे पाणी ऑइलमध्ये मिसळत असल्याची दाट शंका घ्यावी आणि गाडी पुढे नेऊ नये.

येथे मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या परंपरेतील विचारवंतांचा, एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो, कारण तो वरवरचा नाही. कुमारिल भट्टांच्या परंपरेत ज्ञान हे स्वतःप्रमाण मानले जाते. म्हणजे एखादे ज्ञान झाले की ते खरेच समजायचे, आणि त्याला बाध आणणारे दुसरे ज्ञान किंवा साधनातील दोष आढळला तरच ते टाकायचे. नैयायिक याच्या उलट परतःप्रामाण्य मानतात. ज्ञानाचा खरेपणा त्या ज्ञानाबाहेरील कसोटीने, विशेषतः त्यावर विसंबून केलेली कृती फळाला येते की नाही यावरून कळतो, असे त्यांचे म्हणणे. मीमांसकाचा प्रश्न असा की, प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचा दाखला लागत असेल तर त्या दुसऱ्याला तिसऱ्याचा लागेल, आणि माणूस गेजच काढत-घालत बसेल. गाडी फाट्यावरून हलणारच नाही. या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचे व्यवहार्य उत्तरही कुमारिलांनीच दिले आहे: शंकेला जागा असेल तर तीन-चार ज्ञानांपर्यंत जावे, त्यापलीकडे जाण्याची गरज नाही. गेज पुसून दोनदा पाहणे, शंका वाटली तर आणखी एकदा पाहणे आणि मग निर्णय घेणे, हे नेमके या मर्यादेत बसते. परंतु नैयायिकांचा मुद्दाही येथे सोडता येत नाही. मीमांसकांचा विश्वास वेदवाक्यासाठी होता, ज्यात कर्ताच नसल्याने कर्त्याचा दोषही संभवत नाही असे ते मानत. इंजिन मात्र मनुष्यनिर्मित आहे, झिजणारे आहे, त्यामुळे त्याच्याबाबतीत दोषाची शंका ही अपवाद नसून नित्याची स्थिती आहे. आणि कृतीच्या फळावरून ज्ञानाचा खरेपणा कळेल म्हणावे, तर येथे ते फळ जाम झालेल्या इंजिनाच्या रूपाने कळणार. म्हणून यंत्राच्या बाबतीत फळाची वाट न पाहता आधीच कसोटी लावणे एवढाच मार्ग उरतो.

कोणते ऑइल भरावे, हा प्रश्न प्रत्यक्षाने किंवा अनुमानाने सुटत नाही. तेथे शब्दप्रमाण लागते, म्हणजे आप्ताचे वचन. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनांनी आप्त कोणाला म्हणावे याची जी व्याख्या केली आहे ती लक्षात ठेवण्यासारखी आहे: ज्याने वस्तू आहे तशी जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त; आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही त्यांनी स्पष्ट केले आहे. या व्याख्येनुसार गाडी बनवणाऱ्यांची पुस्तिका आप्तवचन ठरते, आणि प्रामाणिक मिस्त्रीही, मग तो कोणत्याही जातिधर्माचा आणि कितीही शिकलेला असो. विक्रीतील नफ्यासाठी हाताशी असलेला डबा पुढे करणारा मात्र जाणता असला तरी आप्त नव्हे, कारण दुसरी अट तो पाळत नाही. डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ किंवा ‘१५डब्ल्यू-४०’ यांसारख्या आकड्यांत डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतील प्रवाहीपणा दाखवतो, तर नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर, १०० अंश सेल्सियसला, ऑइल किती दाट राहते हे सांगतो. मराठवाड्यात ऊन फार म्हणून ऑइल जितके दाट तितके चांगले, ही समजूत सर्वत्र आढळते. तिच्यामागे अनुभव असला तरी तो जुन्या इंजिनांचा आहे. बारीक फटींच्या नव्या इंजिनात फार दाट ऑइल सुरुवातीच्या क्षणांत पुरेशा वेगाने वर पोहोचत नाही, आणि भारत स्टेज सहाचे जे निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाले त्यांनुसार बनलेल्या बऱ्याच डिझेल गाड्यांत धुराच्या गाळणीला जपणारे, कमी राख सोडणारे ऑइलच वापरावे लागते.

किती भरावे, याचे उत्तर देताना मात्र धर्मविचार व यंत्रविचार एकमेकांच्या फारच जवळ येतात. अनेक लहान गाड्यांत किमान व कमाल खुणांमधील अंतर सुमारे एक लिटरचे असते, म्हणून नरसाळे लावून एका वेळी पाव लिटरच्या आसपास ऑइल ओतावे, काही मिनिटे थांबावे, पुन्हा गेज पाहावा, आणि पातळी कमाल खुणेच्या थोडी खाली आली की हात आवरावा. ऑइल हे चांगले आहे म्हणून जास्त ऑइल अधिक चांगले, असे मानून कमाल खूण ओलांडली तर फिरणारा क्रँक ते घुसळतो, त्यात हवेचे बुडबुडे मिसळून फेस होतो, फेसाला भार पेलत नाही, आणि ज्या थरासाठी हा सारा खटाटोप तोच दुबळा होतो. शिवाय दाब वाढून सील गळू लागतात. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात योग हा अति खाणाऱ्याला साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे सांगितले आहे आणि आहार, विहार, झोप व जागरण या सर्वांत प्रमाण सांभाळणाऱ्याचे दुःख योगाने नष्ट होते, असे म्हटले आहे. चांगल्या गोष्टीचाही अतिरेक हानिकारक असतो, हे मान्य करायला भाविक मन बहुधा कचरते, कारण पुण्याला वरची मर्यादा असते असे त्याला वाटत नाही. गीतेने ती मर्यादा साधनेलाच घालून दिली आहे.

आता दुसरा प्रश्न: पाहणे हे कर्तव्य का? इंग्रज गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड यांनी १८७७ साली प्रसिद्ध केलेल्या श्रद्धेच्या नीतीवरील निबंधात एका जहाजमालकाची कल्पना केली आहे. जहाज जुने आहे, दुरुस्तीची गरज आहे, हे त्याला अंधुकपणे ठाऊक असते. तरीही ते आजवर इतक्या वादळांतून परतले आहे आणि देशांतर करणाऱ्या कुटुंबांचे रक्षण परमेश्वर करीलच, अशी तो स्वतःची समजूत घालतो, मनापासून निश्चिंत होतो, जहाज सोडतो, ते बुडते आणि विम्याचे पैसे त्याला मिळतात. क्लिफर्ड यांचे म्हणणे असे की तो प्रवाशांच्या मृत्यूचा अपराधी आहे, आणि जहाज सुखरूप पोहोचले असते तरीही त्याचा अपराध तिळमात्र कमी झाला नसता, कारण समोर असलेल्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकारच नव्हता. विल्यम जेम्स यांनी १८९६ मध्ये याला उत्तर देताना, काही प्रश्न पुराव्याने सुटत नाहीत आणि तेथे श्रद्धेचा पर्याय निवडण्याचा माणसाला हक्क आहे, असे प्रतिपादन केले. जेम्स यांचे म्हणणे ईश्वराच्या अस्तित्वासारख्या प्रश्नांपुरते विचारात घेण्याजोगे आहे. पण ज्या प्रश्नाचे उत्तर बोनेट उघडून काही मिनिटांत मिळते, तेथे हा हक्क लागू होत नाही, हे जेम्स यांच्याच अटींवरून निघते.

क्लिफर्ड यांचा निष्कर्ष पाश्चात्त्य वाचकांना कठोर वाटला, परंतु तो भारतीय विचारात कितीतरी शतके आधी आलेला आहे, आणि त्याची परंपरा देवगाव फाट्याहून जिंतूरकडे गेले की सामोरी येते. जिंतूरजवळच्या नेमगिरी टेकडीवर गुहामंदिरे आहेत आणि तेथील तीर्थंकरांच्या मूर्तींच्या दर्शनाला दूरदूरचे जैन भाविक येतात. या परंपरेतील तत्त्वार्थसूत्र या मूलग्रंथाने हिंसेची व्याख्या करताना केवळ प्राण घेणे एवढेच सांगितले नाही. प्रमादयुक्त मन-वाणी-देहाच्या व्यापाराने प्राणांचा वियोग घडवणे म्हणजे हिंसा, असे म्हटले. प्रमाद म्हणजे गाफीलपणा, जेथे लक्ष द्यायला हवे तेथे ते नसणे. याच ग्रंथात कर्मबंधाची जी पाच कारणे दिली आहेत त्यांत प्रमाद हे स्वतंत्र कारण म्हणून गणले आहे. आणि आचार्य कुंदकुंदांनी प्रवचनसारात याचा शेवटचा अर्थ सांगितला: जीव मरो की जगो, ज्याचे आचरण गाफील आहे त्याच्या माथी हिंसा निश्चित आहे, आणि जो दक्षतेने वागतो त्याला केवळ बाह्य हिंसा घडल्याने बंध लागत नाही. जहाज पोहोचले तरी मालक अपराधीच, हे क्लिफर्ड यांचे म्हणणे आणि जीव वाचला तरी प्रमत्त मनुष्य हिंसकच, हे कुंदकुंदांचे म्हणणे यांत फरक आहे तो इतकाच की क्लिफर्ड दोष विश्वासाच्या बेजबाबदारपणात पाहतात, तर कुंदकुंद तो अवधानाच्या अभावात पाहतात. यांपैकी कुंदकुंदांची दृष्टी अधिक खोल आहे, कारण ऑइल न पाहणाऱ्या चालकाने बहुधा कोणताच विश्वास जाणीवपूर्वक स्वीकारलेला नसतो. त्याच्या मनात तो प्रश्नच आलेला नसतो. प्रश्न न येणे हाच येथे दोष आहे. मुनींच्या पाच समित्यांपैकी, म्हणजे सावध वर्तनाच्या नियमांपैकी, पाहून चालणे आणि पाहून वस्तू उचलणे-ठेवणे हे नियम मुंगीसारख्या जिवासाठीही सांगितले गेले. दहा माणसे बसवून गाडी सुरू करणाऱ्याला त्यांतून सूट कशी मिळेल?

यावर दैववादी उत्तर ठरलेले असते की होणारे टळत नाही. परंतु हे उत्तर गीतेच्या आधारावर देता येत नाही. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आधार, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, त्या साधनांच्या विविध क्रिया, आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही, पण ते पाचवे आहे. इंजिन, त्यातील ऑइल आणि गेज ही साधनांत मोडतात, ती पाहणे ही क्रिया आहे, पाहणारा कर्ता आहे. पहिल्या चारांचा हिशेब दिल्याशिवाय पाचव्याकडे बोट दाखवणाऱ्याने गीता अर्धवट वाचली आहे असेच म्हणावे लागेल.

पडताळणीने श्रद्धेचा अपमान होतो, अशीही एक सूक्ष्म भावना भाविक मनात असते आणि तिचे उत्तर वारकरी परंपरेतील सर्वांत लोकप्रिय कथांपैकी एका कथेत आहे. संतमेळ्यात मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना, म्हणजे गोरा कुंभारांना, येथील मडकी पक्की की कच्ची ते पाहायला सांगितले, आणि त्यांनी हातातील थापटण्याने एकेका संताच्या डोक्यावर थापटून पाहिले. इतर सर्व निमूट राहिले. नामदेवांना मात्र ते सोसले नाही आणि कच्चे मडके म्हणून तेच ठरले. नामदेव विठ्ठलाचे लाडके, प्रत्यक्ष देव ज्यांच्याशी बोलतो असे. त्यांची परीक्षा कशाला, असा प्रश्न त्यांनाच पडला होता. परंपरा सांगते की विठ्ठलाने त्यांची बाजू घेतली नाही, तर त्यांना गुरूकडे पाठवले, आणि औंढा नागनाथच्या मंदिरात विसोबा खेचरांकडून त्यांना बोध झाला. औंढा नागनाथ आणि नामदेवांची नरसी ही दोन्ही ठिकाणे १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. या कथेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की देवाचा निकट सहवास असणाऱ्यालाही कसोटीतून सूट मिळाली नाही, आणि ती कसोटी घेणारा कोणी पंडित नव्हता. भट्टीतून निघालेले मडके आवाजावरून ओळखणारा कारागीर होता. ज्या परंपरेने भक्तश्रेष्ठाला थापटून पाहिले, त्या परंपरेतील माणसाला देवाची तसबीर लावलेल्या गाडीचा गेज काढून पाहण्यात श्रद्धेची उणीव वाटण्याचे काही कारण उरत नाही.

म्हणून खंडेनवमीला व दसऱ्याला होणारी वाहनपूजा, जी एसटीच्या आगारांपासून शेतातल्या ट्रॅक्टरपर्यंत सर्वत्र होते, ती अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढणे उथळपणाचे ठरेल. साधनाविषयी कृतज्ञ असणे ही एक श्रेष्ठ मनोवृत्ती आहे. दोष पूजेत नसून ती बोनेटच्या वरच थांबते यात आहे. देवपूजेत अंगपूजा असते, मूर्तीच्या चरणांपासून मस्तकापर्यंत एकेका अंगाचे स्मरण करून फूल वाहिले जाते. वाहनाच्या पूजेत मात्र चाके, स्टिअरिंग आणि पुढची काच एवढ्यांनाच हळदीकुंकू लागते व ज्यावर सर्व काही चालते ते आतले ऑइल कोणाच्या स्मरणातही येत नाही. गाभाऱ्यात नंदादीप तेवता ठेवणारा पुजारी तेलाची पातळी देवावर सोडत नाही; तो वाकून समईत पाहतो, आणि ते पाहणे त्याच्या सेवेतच मोडते. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला सांगितलेल्या गीताटीकेत, विहित काम नीट करणे हीच सर्वत्र भरून राहिलेल्या ईश्वराची पूजा होय, हा विचार अठराव्या अध्यायात विस्ताराने मांडला आहे. परभणी जिल्ह्यातल्याच गंगाखेडच्या जनाबाईंच्या अभंगांतून तर विठ्ठल स्वतः दळण-कांडणाला हात लावतो. ज्या देवाला जात्याची खुंटी धरण्यात कमीपणा वाटला नाही, त्याच्या भक्ताला ऑइलने हात काळे करण्यात कमीपणा का वाटावा, हा प्रश्न धर्माच्या आतूनच विचारला पाहिजे.

या कर्तव्याचा एक भाग मात्र फडके खिशात घातल्यावरही शिल्लक राहतो, आणि त्याविषयीची बेपर्वाई सर्वाधिक आहे. ऑइल बदलताना जे जुने ऑइल निघते, ज्याला जळके ऑइल म्हणतात, त्यात धातूचा कीस व विषारी द्रव्ये उतरलेली असतात आणि २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या केंद्रीय नियमांनुसार ते घातक कचरा समजले जाते. ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात ते लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासले जाते, धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपले जाते, किंवा गॅरेजमागच्या नालीत सोडले जाते. सेलू तालुक्यातले अनेक ओढे-नाले शेवटी दुधना नदीला मिळतात, आणि निम्न दुधना धरणाच्या पाण्यावर या तालुक्यातली बरीच शेती व पिण्याचे पाणी अवलंबून आहे. ज्या दक्षतेने गेज पाहायचा, त्याच दक्षतेने हे ऑइल झाकणबंद डब्यात साठवून संकलन करणाऱ्याच्या हाती द्यावे. देवगाव फाट्यावरील असो की कोठलेही असो, प्रत्येक गॅरेजने व प्रत्येक वाहनधारकाने त्याचा थेंबही नालीत जाऊ देऊ नये.